जिथे माणसांपेक्षा गाई जास्त!

दोस्तांनो, सुट्टी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मामाचं गाव, कोकणातला समुद्र, नाहीतर महाबळेश्वर. पण समजा, कुणी तुम्हाला म्हणालं, "चल, या सुट्टीत आठवडाभर गुरं राखायला जाऊ. भल्या सकाळी उठायचं, दिवसभर घोड्यावर बसायचं, धूळ खायची, आणि वर त्याचे पैसेही आपणच द्यायचे!" तर? तुम्ही म्हणाल, डोकंबिकं फिरलंय की काय! पण अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं माणसं हौसेने, बायकामुलांसकट, हेच करत आली आहेत. तिथल्या गुरांच्या रँचवर सुट्टी घालवायला जातात. चला तर मग, आज आपणही जाऊ या.

कुठे जायचं?

अमेरिकेच्या पश्चिम भागात वायोमिंग नावाचं राज्य आहे. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन हे १८७२ मध्ये स्थापन झालं, त्याचा बहुतेक भाग याच राज्यात येतो. वायोमिंगचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश. आणि लोकसंख्या? २०२० च्या जनगणनेनुसार फक्त ५ लाख ७६ हजार! म्हणजे साधारण एका कोल्हापूर शहराची माणसं उचलायची आणि जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्रभर पसरून द्यायची. गुरं मात्र माणसांच्या सुमारे दुप्पट आहेत. 'काउबॉयचं राज्य' हे वायोमिंगचं टोपणनाव उगाच पडलेलं नाही.

राज्याच्या उत्तरेला शेरिडन नावाचं गाव आहे. डेन्व्हर शहरातून मोटारीने निघालात तर सहा-साडेसहा तास लागतात. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळसर गवत, आणि मैलच्या मैल तारेचं कुंपण. पश्चिमेला बिगहॉर्न डोंगर उभे असतात. त्यांचं सगळ्यात उंच शिखर क्लाउड पीक ४,०१३ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. या डोंगरांच्या पायथ्याशी आहेत रँच.

रँच म्हणजे काय?

गुरं पाळायची, चारायची आणि विकायची जागा म्हणजे रँच. हा शब्द स्पॅनिश 'रांचो'वरून आला. कारण अमेरिका खंडात गाई मुळात नव्हत्याच! कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ मध्ये, गाई आणि घोडे जहाजातून तिकडे गेले. स्पॅनिशमध्ये गाईला 'वाका' म्हणतात आणि गाईंमागे हिंडणारा तो 'वाकेरो'. सिनेमातला काउबॉय जे करतो, म्हणजे फासाचा दोर फेकणं, उंच खोगीर घालणं, ते सगळं मेक्सिकोतल्या या वाकेरोंकडून शिकलेलं आहे. काउबॉय म्हणजे गोराच माणूस, असंही नाही बरं का. त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन लोक पुष्कळ होते.

तिथे पोचल्यावर तुम्हाला पहिलं नवल वाटेल ते दुधाचं. एवढ्या शेकडो गाई, मग धार कोण काढतं? कुणीच नाही! इथल्या काळ्या अँगस आणि लाल अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाई दुभत्या म्हणून पाळलेल्या नसतात. त्यांचं सगळं दूध वासरांसाठी. तुमच्या सकाळच्या कपातलं दूध बहुधा दुकानातल्या खोक्यातूनच येतं. मग ही गुरं पाळतात कशासाठी? तर मांसासाठी. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे आपल्याला त्याबद्दल बोलायचंच आहे.

पाहुणे कसे आले?

१८८० च्या सुमाराला पिट्सबर्ग शहरातले ईटन नावाचे तीन भाऊ डाकोटा प्रांतात रँच करून राहिले होते. त्यांचे शहरी मित्र, मित्रांचे मित्र, सारखे येऊन मुक्काम ठोकायचे. घोडदौड करायचे, शिकारीला जायचे, हादडायचे. शेवटी १८८२ मध्ये एका पाहुण्यालाच वाटलं, हे काही बरं नाही. त्याने राहण्या-जेवणाचे पैसे देऊ केले, आणि एका नव्या धंद्याचा जन्म झाला. झकपक कपडे घालणाऱ्या शहरी माणसाला तिकडे चेष्टेने 'ड्यूड' म्हणत. म्हणून अशा जागेचं नाव पडलं 'ड्यूड रँच'. १९०४ मध्ये ईटन बंधूंनी आपलं बिऱ्हाड शेरिडनजवळच्या वुल्फ या ठिकाणी हलवलं. १९२६ मध्ये तर या रँचवाल्यांची संघटनाही निघाली.

आज दोन प्रकारचे रँच दिसतात. काही निव्वळ पाहुण्यांसाठी असतात. तिथे घोड्यावर रपेट, पोहणं, शेकोटी असं सगळं बेतशीर असतं. दुसरे खरे कामाचे रँच. तिथे पाहुणे असोत वा नसोत, गाईंचं काम ठरल्या वेळी होतंच. पाऊस आला, कुंपण तुटलं, वासरू हरवलं, तर तुमची सहल बाजूला आणि काम पुढे. आपण चाललोय या दुसऱ्या प्रकारच्या रँचवर.

घोडा आधी, न्याहारी मग

सकाळी सहाला हाक येते. जुलै महिना असला तरी पहाटे चांगलंच गारठलेलं असतं. आधी घोड्यांना वैरण, मग माणसांना न्याहारी, असा इथला शिरस्ता. न्याहारीला पॅनकेक, मेपलचा पाक, अंडी, बटाटे.

घोड्याजवळ जायचे काही नियम आहेत, ते नीट लक्षात ठेवा हं. मागून कधीही जायचं नाही. त्याला अगदी मागचं दिसत नाही, आणि दचकला की तो लाथ झाडतो. जाताना हळू बोलत जायचं, म्हणजे आपण आलोय हे त्याला कळतं. चढायचं डाव्या बाजूने. काउबॉयच्या बुटाला उंच टाच असते ती ऐट म्हणून नव्हे. त्या टाचेमुळे पाय रिकिबीतून पुढे घसरत नाही. पाय अडकून माणूस पडला तर घोडा त्याला फरफटत नेईल! मोठ्या काठाची टोपी उन्हासाठी, गळ्यातला रुमाल धुळीसाठी. मुलांनी मात्र काउबॉयच्या टोपीचा हट्ट सोडून मुकाट्याने हेल्मेट घालावं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला बसताही येणार नाही आणि उभंही राहता येणार नाही, एवढं अंग दुखेल. तिसऱ्या दिवशी घोडा तुम्हाला ओळखायला लागेल. सगळी दुखणी तेव्हा विसराल.

न ओरडता गुरं कशी हाकायची?

सिनेमात काउबॉय आरडाओरडा करत गुरांमागे दौडतात. खऱ्या रँचवर तुम्ही असं केलंत तर मालक तुम्हाला बाजूला घेऊन समज देईल. पळालेली गाय दमते, तिचं वजन घटतं, ती कुंपणात घुसते. शहाणा गुराखी हळू चालतो.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नेमकं पाठीमागचं सोडून. प्रत्येक गाईभोवती एक न दिसणारं रिंगण असतं. तुम्ही रिंगणाच्या बाहेर असलात तर ती नुसती बघत राहते. आत पाऊल टाकलंत की ती सरकते. तिच्या खांद्याच्या मागच्या बाजूने जवळ गेलात तर ती पुढे चालते, खांद्याच्या पुढून गेलात तर मागे फिरते. बास! एवढं कळलं की दोन-तीन माणसं मोठा कळपही शांतपणे नेऊ शकतात. सुट्टीत मामाच्या गावी गेलात तर करून बघा. मात्र वळूवर प्रयोग नको!

हे ज्ञान जगभर पोचवण्यात टेंपल ग्रँडिन या बाईंचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १९४७ चा. त्या स्वमग्न आहेत, आणि लहानपणी बराच काळ त्यांना बोलता येत नव्हतं. पुढे त्या कोलोरॅडोच्या विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुरं अरुंद वाटेत अडून का बसतात, हे बघायला त्या स्वतः गुरांच्या वाटेने चालत गेल्या. तेव्हा त्यांना दिसलं की एखादी लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, नाहीतर डबक्यातलं चकाकणारं पाणी एवढंही गाईला घाबरवायला पुरतं. बाकीचे लोक काठ्या मारत होते. ग्रँडिनबाईंनी साखळी काढायला सांगितली. जनावर अडलं तर आधी त्याला काय दिसतंय ते बघा, एवढी साधी गोष्ट. पण ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

डाग आणि इर्जिक

मे-जूनमध्ये गेलात तर डाग देण्याचं काम बघायला मिळेल. वसंत ऋतूत जन्मलेली वासरं गोळा करून कोंडवाड्यात आणतात. आजूबाजूच्या रँचवरची सगळी मंडळी मदतीला येतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पैशांचा व्यवहार नाही, दुपारी सगळ्यांना भरपेट जेवण. आपल्या गावाकडे याला इर्जिक म्हणतात, नाही का? हजारो मैलांवर, वेगळ्या भाषेत, पण तीच रीत!

वासराला लस टोचतात, गोऱ्ह्यांना खच्ची करतात, आणि तापलेल्या लोखंडाने मालकाची खूण उमटवतात. तुम्ही विचाराल, वासराला दुखतं का? हो, दुखतं. ते हंबरतं. सुटल्यावर धावत आईकडे जातं आणि पिऊ लागतं. बघताना तुमच्या पोटात कालवाकालव झाली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिथली मोठी माणसंही हे काम चटकन उरकतात, रेंगाळत नाहीत.

डागाची गरज काय? तर चोरी आणि सरमिसळ टाळायला. वायोमिंगमध्ये प्रत्येक डागाची सरकारदरबारी नोंद असते, आणि गुरं विकताना डाग तपासला जातो. हे डाग वाचण्याचीही गंमत आहे. अक्षर आडवं पडलेलं असलं तर ते 'आळशी' अक्षर. त्याला पंख असले तर 'उडतं'. खाली झुल्यासारखी कमान असली तर 'झुलतं'. म्हणजे आडवा 'क' काढलात तर तो 'आळशी क'! वहीच्या मागच्या पानावर आपल्या घराण्याचा डाग तयार करून बघा.

ही जमीन कुणाची?

शेरिडनहून उत्तरेला तासा-सव्वा तासावर, मोंटाना राज्यात, लिटल बिगहॉर्न नावाची जागा आहे. तिथे २५ आणि २६ जून १८७६ ला लाकोटा, शायेन आणि अरापाहो लोकांनी अमेरिकी सैन्याच्या कस्टर या अधिकाऱ्याचा पराभव केला. रँचवर गेलात तर या ठिकाणी जरूर जा. कारण जिथे आज गाई चरतात तिथे पूर्वी बायसन चरत होते आणि त्यांच्या मागे हे लोक हिंडत होते. कोट्यवधी बायसनांची एकोणिसाव्या शतकात इतकी कत्तल झाली, की १८८० च्या दशकाच्या शेवटी हजारभरही उरले नव्हते. बायसन गेले, लोकांना राखीव भागांत ढकललं गेलं, आणि मोकळ्या झालेल्या गवतावर गाई आल्या. रँचची गोष्ट सांगताना हे पान गाळून चालत नाही.

गाईवाल्यांनाही गवताने धडा शिकवला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं खरं, पण बरीच कुरणं अजून मोकळीच होती. ज्याने त्याने वाट्टेल तेवढी गुरं सोडली. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गवत संपलं, आणि मागून भयंकर हिवाळा आला. बर्फाखाली लाखो गुरं मेली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रुझवेल्ट तेव्हा डाकोटात रँच चालवत होते. त्यांचाही निम्म्याहून जास्त कळप गेला. तेव्हापासून रँचवाले हिवाळ्यासाठी गवत कापून साठवायला लागले. जुलै-ऑगस्टमध्ये तुम्हाला शेतात गवताच्या मोठमोठ्या गुंडाळ्या दिसतील, ती १८८६-८७ च्या हिवाळ्याची शिकवण.

वासरांचं पुढे काय होतं?

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. तुम्ही आठवडाभर ज्या वासरांमागे फिरलात, त्यांचं काय होतं? ऑक्टोबरच्या सुमाराला त्यांना आईपासून तोडतात. दोन-तीन रात्री सगळं रान हंबरण्याने भरून जातं. मग बरीचशी वासरं विकली जातात, दुसरीकडे दाणा खाऊन वाढतात, आणि वर्ष-सव्वा वर्षात कत्तलखान्यात जातात. चांगल्या कालवडी तेवढ्या कळपात राहतात.

तिथल्या मुलांना हे ठाऊक असतं. खेड्यापाड्यांतून मुलांची 'फोर-एच' नावाची मंडळं असतात. चार पानांचं हिरवं तिपतिया गवत ही त्यांची खूण. चार पानं म्हणजे डोकं, हृदय, हात आणि आरोग्य. या मंडळांतली पुष्कळ मुलं एकेक गोऱ्हा पाळतात. त्याला चारतात, धुतात, दोरीने चालायला शिकवतात, खर्चाचा हिशेब वहीत लिहितात. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत त्याला रिंगणात फिरवतात. आणि मग त्याचा लिलाव होतो. मिळालेले पैसे मुलं कॉलेजसाठी ठेवतात. रिंगणातून बाहेर येताना बारा-तेरा वर्षांची मुलंमुली गोऱ्ह्याच्या मानेत तोंड खुपसून रडतात. आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा गोऱ्हा आणतात.

हे चूक की बरोबर? पोळ्याला बैलांना पुरणपोळी भरवणाऱ्या घरातल्या मुलाला हे सोपं वाटणार नाही. वाटूही नये. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती मुलं डोळे मिटून घेत नाहीत. आपल्या ताटात काय येतं आणि कुठून येतं, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक आहे का? आपण दूध पितो, तर म्हशीच्या रेडकाचं पुढे काय होतं? ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्यांचं काय होतं? जेवताना आई-बाबांना, आजोबांना विचारा. उत्तरं वेगवेगळी येतील, कदाचित वादही होईल. होऊ द्या.

पाहुणे लागतात कशाला?

रँचवाल्याला पैसे मिळतात बहुधा वर्षातून एकदाच, वासरं विकल्यावर. भाव पडला, दुष्काळ आला, तर वर्ष बुडालं. जमीनही कोरडी. काही भागांत एका गाईला वर्षभर तीस-चाळीस एकर लागतात. वायोमिंगची जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारची आहे, तिथे फी भरून गुरं चारावी लागतात. शिवाय घरची मुलं शहरात निघून जातात. २०२२ च्या अमेरिकी शेतीगणनेत शेती करणाऱ्यांचं सरासरी वय ५८ च्या वर निघालं. म्हणून पाहुण्यांचे पैसे ही पुष्कळ घरांना रँच टिकवायला मोठी मदत असते. ओळखीची वाटते ना ही गोष्ट? आपल्याकडेही कृषी पर्यटन वाढतंय ते याच कारणाने. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये त्यासाठी धोरणही आणलं.

आपल्या कृष्णेची गाय

आणि शेवटी एक मजेदार गोष्ट. वायोमिंगमधून दक्षिणेला टेक्सासमध्ये गेलात तर तुम्हाला वशिंड असलेल्या, लोंबत्या पोळीच्या गाई दिसतील. तिथे त्यांना 'ब्राह्मन' म्हणतात. या आपल्याच! १८५० नंतरच्या काळात भारतीय वंशाची मोजकी जनावरं अमेरिकेत गेली. युरोपातल्या गाईंना तिथला उकाडा आणि गोचिडी सोसत नव्हत्या, या गाईंना सोसल्या. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली या जातींपासून अमेरिकेत ही नवी जात तयार झाली. तिकडे तिचे कळपच्या कळप आहेत, आणि इकडे सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात कृष्णा व्हॅली जातीची जनावरं फार थोडी उरली आहेत.

आई-बाबांसाठी

तुमच्यापैकी कुणाचे काका-मावशी अमेरिकेत असतील आणि जायचा योग आला, तर चार गोष्टी. कामाच्या रँचवर लहान मुलांना वयाची अट असते, ती आधी विचारा. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, ऐनवेळी बटाटे आणि पावावर भागवावं लागेल. लांब बाह्यांचे सुती कपडे, जीनची पँट आणि एक जाड स्वेटर घ्या. हवा कोरडी आणि जागा उंचावर, म्हणून पाणी सारखं प्यावं. ही सुट्टी स्वस्त नसते. तेवढा खर्च नको असेल तर मोंटानातल्या डीअर लॉज गावचा ग्रँट-कोर्स रँच बघा. कोनराड कोर्स या जर्मन खाटकाने तो १८६६ मध्ये विकत घेतला होता. १९७२ पासून तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, तिथे आजही गुरं आहेत, आणि प्रवेश फुकट!

आणि दोस्तांनो, अमेरिका लांब राहिली तरी बिघडत नाही. या सुट्टीत ज्यांच्याकडे गुरं आहेत अशा एखाद्या घरी दोन दिवस राहा. शेण काढा, वैरण टाका, गाईच्या खांद्यामागून हळूच पाऊल पुढे टाकून बघा. आणि मग आम्हाला लिहून कळवा, ती चालली की तुम्हीच पळालात!